केळी मोजू नका, वजन करा : चॉकलेट-केळ्याचे मफिन

सोनटक्का | शनिवार, दुपारी ४.१०

मागच्या रविवारी आमच्याकडे सत्यनारायण झाला. प्रसादाच्या शिऱ्यात घालूनही डझनभर केळी उरली. सोमवारी शिकरण, मंगळवारी शिकरण, बुधवारी कुणी शिकरणाच्या वाटीकडे बघेना. उरलेली फ्रिजमध्ये टाकली. लेक येत्या बुधवारी रात्रीच्या गाडीने कल्याणहून नागपूरला हॉस्टेलवर परत जाणार आहे. ती म्हणाली, आई, वसईच्या मावशीकडे खाल्ले होते तसे चॉकलेटचे मफिन करून दे ना, डब्यात दोन दिवस टिकतील. मावशीला फोन केला, तिने तोंडी सांगितलं ते वहीत उतरवून घेतलं :

६ पिकलेली केळी, दीड कप मैदा, पाव कपाहून थोडा जास्त कोको, अर्ध्या कपाहून थोडी जास्त साखर, पाऊण वाटी तेल, १ अंडं, २ मोठे चमचे दही, १ चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, चिमूटभर मीठ, वरून चॉकलेटचे तुकडे. १८० अंशांवर २० मिनिटं.

सहा केळी मला फार वाटली, म्हणून अंदाजाने चारच घेतली. बाकी सगळं शब्दशः केलं. ओटीजी १५ मिनिटं आधी तापवून घेतला होता. मफिन सुरेख फुगले, वर तडे गेले, घरभर वास सुटला. बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत मधोमध बसले. एक सुरीने उभा कापला तर वरचा अर्धा भाग ठीक, पण तळाला बोटभर जाडीचा काळपट, चकचकीत थर. उकडीच्या मोदकाची उकड कच्ची राहिली की कशी दाताला चिकटते, अगदी तशी. बोटाने दाबलं तर ठसा तसाच राहतो. उरलेले परत १५ मिनिटं भाजले. कडा कडक झाल्या, थर जागच्या जागी.

टूथपिक घालून बघितली होती, कोरडी आली होती. बाराच्या बारा तसेच निघाले. बुधवारच्या आत मला हे जमवायचंच आहे. काय चुकलं असेल? ज्यांच्या हाताला याची सवय आहे त्यांनी सांगा.

---

तव्यावरची | शनिवार, दुपारी ४.३५

मिश्रण जास्त फेटलंत का? मैदा घातल्यावर बीटर लावला की मफिन रबरासारखे होतात. कोरडं एकीकडे, ओलं एकीकडे, मग दोन्ही एकत्र करून चमच्याने दहा-पंधरा वेळा वरखाली करायचं. मैद्याच्या बारीक गुठळ्या राहिल्या तरी राहू द्यायच्या, ओव्हनमध्ये त्या विरतात.

---

सोनटक्का | शनिवार, दुपारी ४.५०

नाही गं, बीटर काढलाच नव्हता. लाकडी चमच्यानेच ढवळलं. जास्त ढवळलं तर आत उभी लांबट भोकं पडतात असं वाचलं होतं, तशी भोकं नाहीत. वरचा भाग खरंच मऊ आहे.

---

प्रयोगवही | शनिवार, संध्याकाळी ५.२०

वरचा भाग चांगला आणि तळाला थर, म्हणजे फुगण्यात गडबड नाही, पाणी जास्त झालंय. केळ्याच्या गरात जवळजवळ पाऊण भाग पाणीच असतं. तेवढं पाणी धरून ठेवायला मैदा पुरला नाही की जड, ओला भाग खाली बसतो आणि स्टार्चची खळ होते. एकदा खळ झाली की कितीही भाजा, ती वाळेल पण जाळीदार होणार नाही.

टूथपिक वरून अर्धीच घातली असणार. ती तळापर्यंत न्यायची.

माझा प्रश्न एकच : केळी कोणती होती आणि सोलून वजन किती भरलं?

---

सोनटक्का | शनिवार, संध्याकाळी ५.३५

वजन नाही केलं. नेहमी गाडीवर मिळतात ती, मोठी पिवळी.

---

वसईवाली | शनिवार, संध्याकाळी ६.०५

सापडलं! तुमची मावशी वसईची ना? आमच्याकडे घरात सहज केळी म्हटलं की वेलची. बोटाएवढी, पातळ सालीची, किंचित आंबटगोड. सोललेलं एक वेलची केळं ४५-५० ग्रॅम. सहा म्हणजे ३०० ग्रॅमच्या आत. तुमचं गाडीवरचं मोठं केळं सोलून १२०-१३० ग्रॅम भरतं. मावशीने सहा सांगितली ती तिच्या केळ्यांच्या हिशोबाने. तुम्ही चार घेतलीत ती तुमच्या केळ्यांच्या हिशोबाने जास्तच झाली.

आमच्याच तालुक्यात राजेळीही होते. ती आणखी मोठी, घट्ट, सुकेळी म्हणजे वाळवलेली केळी करायची. ती कुस्करून मफिनमध्ये घालायची नाहीत. एकाच गावात ‘एक केळं’ म्हणजे तीन वेगळी वजनं, मग पाककृतीत नुसता आकडा लिहून काय उपयोग?

---

प्रयोगवही | शनिवार, संध्याकाळी ६.२०

वसईवालींनी नेमकं बोट ठेवलं. हिशोब करा : ४ × १३० = ५२० ग्रॅम. हवी होती ३००. वरची २२० ग्रॅम, त्यातला पाऊण भाग पाणी, म्हणजे साधारण १६५ मिली. दीड कप मैद्याच्या मिश्रणात तुम्ही नकळत वाटीभर पाणी ओतलंत.

---

केळीच्या_बागेतून | शनिवार, रात्री ८.४०

मी रावेर तालुक्यातला. घरची केळी आहे, ग्रँड नैन, ज्याला आम्ही जी-नाईन म्हणतो. मुंबईकडे गाडीवर मोठं पिवळं केळं दिसलं की ते बहुतेक हेच असतं. वजनाचं वर सगळ्यांनी सांगितलं ते बरोबर आहे. मला दुसरी शंका येते. सोनटक्काताई, केळी फ्रिजमध्ये ठेवली तेव्हा ती पूर्ण पिकलेली होती का?

विचारायचं कारण सांगतो. आम्ही घड हिरवाच कापतो. फण्या वेगळ्या होतात, धुऊन क्रेटमध्ये भरतात, आणि केळी पिकते ती व्यापाऱ्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये, इथिलीन वायू देऊन. तुमच्याकडे पिवळी होऊन येते तेव्हा तिचं पिकणं अजून चालूच असतं. कच्च्या केळीच्या गरात वजनाच्या साधारण पाचवा भाग स्टार्च असतो. पिकता पिकता तो जवळजवळ सगळा साखरेत बदलतो. सालीवर तपकिरी ठिपके पडायला लागले की समजायचं, आतलं काम संपत आलं.

पण केळीला थंडी सोसत नाही. १३ अंशांच्या खाली गेली की साल काळी पडते आणि पिकणं अडतं. आतला गर जिथे होता तिथेच थांबतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, केळी काळी झाली म्हणजे खूप पिकली. सोलून बघा, गर पांढरा, टणक, देठाकडे तुरट. असं केळं कुस्करताना काट्याखाली गुठळ्या राहतात.

फ्रिजमध्ये ठेवायचीच असतील तर आधी बाहेर पूर्ण पिकू द्या, मग ठेवा. तेव्हा साल काळी पडली तरी बिघडत नाही.

---

सोनटक्का | शनिवार, रात्री ९.१५

दादा, अगदी असंच झालं. बुधवारी ठेवली तेव्हा एकाही सालीवर ठिपका नव्हता. आज काळीभोर निघाली तेव्हा मला वाटलं मफिनला हीच हवीत. कुस्करताना गुठळ्या राहत होत्या, मी काट्याने दाबून दाबून मोडल्या. घरात दोन डॉक्टर असावेत तसं तुम्ही दोघांनी निदान केलंत. उद्या सकाळी मार्केटला जाते.

---

गोंयची_रांदप | रविवार, सकाळी ८.००

रात्री सगळा धागा वाचला आणि झोपताना एक गोष्ट डोक्यात आली. आमच्याकडे काळी पडलेली केळी दिसली की आई बन्स करते. केळी साखर घालून कुस्करायची, दही, चिमूट सोडा, जिरं, आणि मग मैदा. मैदा किती? ‘मावेल तितका.’ पीठ सैल वाटलं तर आणखी मूठभर. रात्रभर झाकून ठेवायचं, सकाळी जाडसर लाटून तळायचं. आईने जन्मात केळी मोजली नाहीत. लहान असोत, मोठी असोत, बन्स तसेच फुगतात.

सामान बघा : केळी, दही, सोडा, मैदा, साखर. मफिनचंच सामान आहे हे! फरक इतकाच की बन्समध्ये केळी असतील तेवढी आणि मैदा हाताच्या अंदाजाने. मफिनमध्ये मैदा, सोडा, तेल सगळं ठरलेलं आणि केळीच तेवढी सैल सोडलेली. ज्या वस्तूत सगळ्यात जास्त फरक पडतो, तीच आकड्यात लिहिलेली.

---

जुनी_वही | रविवार, सकाळी ९.१०

अगदी बरोबर. घारग्यांचंही तेच आहे. केळ्याचे असोत की भोपळ्याचे, गूळ विरघळवून त्यात मावेल तेवढी कणीक. माझ्या सासूबाई म्हणत, ‘पिठाला विचारून घाल.’ मी चाळीस वर्षं तशीच करत आले. नातीने ओव्हन आणला तेव्हा केकचं पीठ मला कधीच ‘विचारता’ येईना, कारण ते हाताला लागतच नाही. सैल पिठाचा अंदाज घ्यायचा कसा हेच कळत नव्हतं. शेवटी नातीनेच शिकवलं. चमचा उचलला की मिश्रण धारेसारखं वाहता कामा नये. जाड गोळ्याने थबकन् पडलं पाहिजे आणि वरची खूण दोन-तीन सेकंद दिसली पाहिजे. इडलीच्या पिठापेक्षा घट्ट, भज्यांच्या पिठाच्या जवळ.

सोनटक्का, वजनकाटा नसेल तर मापाचा कप घे. कुस्करलेलं केळं काठोकाठ भरून एक कप म्हणजे साधारण २३० ग्रॅम. तुला सव्वा कप लागेल.

---

बिनअंड्याची | रविवार, सकाळी १०.२५

आमच्याकडे अंडं चालत नाही. एका अंड्याऐवजी पाव कप दही घालते (साधारण ६० ग्रॅम), आणि केळी ३०० ऐवजी २५० ग्रॅमच. अंडं भाजताना घट्ट होतं आणि मफिनचा सांगाडा धरतं. दही ते करत नाही, नुसतं ओलेपणा वाढवतं. म्हणून बिनअंड्याच्या मफिनमध्ये केळी जास्त झाली तर तो थर आणखी लवकर येतो. जवसाची पूडही चालते, एक मोठा चमचा पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून. चिकट होते आणि बऱ्यापैकी धरते. चॉकलेटमुळे जवसाची चव कळत नाही.

---

तव्यावरची | रविवार, सकाळी १०.५०

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांच्यासाठी. मी सांगलीत भाड्याच्या खोलीत राहते, सगळं गॅसवर करते. जाड बुडाचा जुना टोप घ्यायचा, तळाला बोटभर मीठ पसरायचं, वर स्टँड, वर ताट झाकून मध्यम आचेवर १० मिनिटं तापवायचं. स्टीलच्या छोट्या वाट्यांना तेल लावून मैदा भुरभुरायचा, निम्म्याहून थोडं जास्त भरायचं, स्टँडवर ठेवून आच अगदी मंद. ३० ते ३५ मिनिटं. पहिली २० मिनिटं झाकण उघडायचं नाही. झाकणाला आतून पाणी सुटतं आणि ते मफिनवर ठिबकतं, म्हणून झाकणाला सुती फडकं बांधते. टोकं वरच्या बाजूला घट्ट गाठ मारून, ज्वाळेपासून लांब. कुकर वापरणार असाल तर रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून. पण रिकामा कुकर असा तापवून माझ्या एका कुकरचं बूड वाकडं झालं, तेव्हापासून टोपच.

आणि आप्पेपात्र! याच मिश्रणाचे आप्पे घाला. मंद आचेवर झाकून चार-पाच मिनिटं, उलटून दोन-तीन मिनिटं. लहान असल्याने मध्ये कच्चं राहायची भीतीच नाही.

---

सोनटक्का | रविवार, संध्याकाळी ६.४५

केले! सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून सांगितलंत.

सकाळी मार्केटमधून दोन प्रकारची केळी आणली. वेलचीची एक फणी, चांगली ठिपकेवाली, आणि मोठी तीन, तीही ठिपके पडलेली. काट्यावर ठेवली. वेलची सोललेली सहा : २८५ ग्रॅम. मोठी सोललेली तीन : ३९० ग्रॅम. मावशीचे ‘सहा’ आणि माझे ‘तीन’ समोरासमोर दोन वाडग्यांत ठेवले. तीनचा वाडगाच जास्त भरलेला. आधी विश्वासच बसेना, वाडगे बदलून परत तोलले.

वेलचीचं मिश्रण केलं, १५ ग्रॅम मोठ्या केळ्यातलं घालून बरोबर ३००. मैदा १८० ग्रॅम, कोको ३०, साखर १२०, तेल ८० मिली, बाकी वहीतल्यासारखं, आणि चॉकलेट १०० ग्रॅम, सुरीने जाडसर चिरून. त्यातलं मूठभर वर लावायला बाजूला ठेवलं.

कुस्करताना फरक जाणवला. ठिपकेवाली केळी काट्याखाली आपोआप पातळ होत गेली, खीर ढवळावी तशी. कालच्या केळ्यांशी झटापट करावी लागली होती. कोरडं-ओलं एकत्र केल्यावर चौदा वेळा चमचा फिरवला. पांढऱ्या मैद्याच्या दोन-तीन रेषा दिसत होत्या, तशाच सोडल्या. जुनी_वही ताईंनी सांगितलं तसा चमचा उचलून बघितला. काल धार लागली होती, आज गोळा पडला. कालच्या त्या धारेकडे मी लक्ष दिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

२१ मिनिटं लागली. टूथपिक तळापर्यंत घातली. चॉकलेटच्या तुकड्याला लागली की ती काळी, ओली येते आणि फसवते, म्हणून दोन वेगळ्या जागी घातली. ट्रेमधून पाच मिनिटांनी काढून जाळीवर ठेवले. बसले नाहीत. अर्ध्या तासाने कापला. वरपासून खालपर्यंत एकसारखी जाळी. लेकीने कापलेल्या तुकड्याला बोटाने दाबून बघितलं, दबून परत वर आला.

दोन गोष्टी राहिल्या आहेत. एक, चॉकलेटचे तुकडे बरेचसे तळाला गेले. दोन, कागदी कपला मफिन चिकटतो, निम्मा मफिन कागदावरच राहतो.

---

प्रयोगवही | रविवार, संध्याकाळी ७.३०

वा! वाचून खूप बरं वाटलं.

तुकडे कोरड्या मैद्यात घोळवून घातले तर थोडा फरक पडतो, पण मोठा तुकडा जडच असतो. मी असं करतो : आधी प्रत्येक कपात एक चमचा नुसतं मिश्रण, तुकडे न घालता, आणि मग उरलेल्यात तुकडे मिसळून वर. त्यांना खाली जायला वेळच कमी मिळतो. आणि शक्यतो खरं चॉकलेट घ्या, कंपाउंड नको. कंपाउंडमध्ये कोकोच्या लोण्याऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं. कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांना, म्हणजे तोंडात सहज विरघळतं. बऱ्याच कंपाउंडचा जिभेवर मेणासारखा थर राहतो. केळ्याच्या मऊपणात तो फार जाणवतो.

कागद : गरम असताना सोलू नका. पूर्ण गार झाल्यावर, किंवा दुसऱ्या दिवशी, कागद स्वच्छ सुटतो. तेल फार कमी केलं की चिकटणं वाढतं, तुमचं ८० मिली योग्य आहे.

आता कोकोबद्दल, कारण ते कुणी काढलं नाही. डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. घटकांत ‘ॲसिडिटी रेग्युलेटर’ आणि पुढे ५०१ किंवा ५०० असेल तर तो अल्कलीने प्रक्रिया केलेला कोको. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात नेदरलंड्समध्ये व्हान हाउटेन यांनी आणली, म्हणून त्याला डच कोको म्हणतात. रंग गडद, चव सौम्य, पण आंबटपणा जवळजवळ गेलेला. साधा कोको आंबट असतो. सोड्याला फसफसायला आंबट लागतं. डच कोको असेल तर सोड्याला दही आणि केळ्याचाच आधार. म्हणून वसईच्या मावशींनी दही आणि बेकिंग पावडर दोन्ही ठेवलंय ते फार शहाणपणाचं आहे. कुठलाही कोको असो, मफिन फुगतोच. दही वगळून सोडा तेवढाच ठेवलात तर मात्र मागाहून साबणासारखी चव येऊ शकते.

---

मैलभर_उंच | रविवार, रात्री ११.५०

मी डेन्व्हरमध्ये आहे, समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर. इथे तिकडची पाककृती जशीच्या तशी केली की मफिन भराभर वर येतात आणि कोसळतात, वजन बरोबर असलं तरीही. हवेचा दाब कमी, त्यामुळे वायू जास्त फुगतो आणि पाणी लवकर उडतं. मी सोडा आणि पावडर पाऊणपट करते, मैदा दोन मोठे चमचे वाढवते, आणि तापमान १९० ठेवते म्हणजे बाहेरचं कवच लवकर धरतं. इथे दुकानातलं केळंही मोठंच, जी-नाईन ज्या गटातलं त्याच कॅव्हेंडिश गटातलं. वेलची केळी खाऊन सहा वर्षं झाली. वसईवालींचा प्रतिसाद दोनदा वाचला.

---

कोंड्यासकट | सोमवार, सकाळी ७.२०

मैद्याऐवजी कणीक आणि साखरेऐवजी गूळ घालून करा, पौष्टिक होतात आणि मुलांना रोज देता येतात.

---

बिनअंड्याची | सोमवार, सकाळी ८.०५

कणकेचे मीही करते आणि आवडीने करते. खमंग लागतात. कणीक पाणी जास्त पिते, म्हणून मिश्रण भरण्याआधी दहा मिनिटं ठेवलं की कोंडा भिजतो आणि खरखर जाते. पण ‘रोज देता येतात’ हे मला पटत नाही. गूळही गोडच, त्यात चॉकलेट आणि तेल. माझ्या घरी मधुमेह आहे, म्हणून कळकळीने सांगते. शिवाय ठिपकेवाल्या केळ्यात स्टार्चची साखर झालेली असते, वर केळीवाल्या दादांनी लिहिलंच आहे. तेवढ्या जोरावर साखर ३० ग्रॅमने कमी करता येते, ते मात्र जरूर करा.

---

सोनटक्का | मंगळवार, रात्री १०.३०

आज तिसरा घाणा. मुद्दाम मोठीच केळी घेतली, कारण वेलची मला नेहमी मिळणार नाहीत. सोलून दोन केळी आणि तिसऱ्याचं अर्ध्याला थोडं कमी, ३०० ग्रॅम. साखर ९०. प्रयोगवहींच्या सांगण्याप्रमाणे आधी नुसतं मिश्रण, मग तुकडेवालं.

चव थोडी वेगळी आली. वेलचीचे जास्त वासाचे होते आणि मागे किंचित आंबटसर चव होती, ती कोकोला फार शोभत होती. मोठ्या केळ्याचे सौम्य, अधिक गोड. पण जाळी तशीच, थर नाही. तुकडे या वेळी मध्यावर आणि वर.

एक सकाळी केलेला मफिन रात्रीपर्यंत डब्यात ठेवून खाल्ला. कागद एका ओढीत सुटला, आणि केळ्याचा स्वाद सकाळपेक्षा जास्त जाणवला.

वहीत मावशीच्या ‘६ केळी’वर रेघ मारली नाही. तिच्या अक्षराच्या ठिकाणी माझंच अक्षर असलं तरी शब्द तिचे आहेत. शेजारी लिहिलं : वेलची, सोलून ३०० ग्रॅम. मग तिला फोन करून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘अगो, केळी म्हणजे वेलचीच ना, हे काय सांगायला हवं?’

उद्या रात्रीची गाडी आहे. आणखी एक शंका : हवा दमट आहे, डबा दोन दिवस राहील ना?

---

वसईवाली | मंगळवार, रात्री १०.५५

मावशींचं वाक्य वाचून माझ्या आईचा आवाज ऐकू आला.

दोन दिवस बाहेर राहतात, पण डब्यात भरताना मफिन आतपर्यंत गार हवेत. कोमट भरले की झाकणाला पाणी धरतं आणि दुसऱ्या दिवशी माथा ओलसर, तिसऱ्या दिवशी बुरशी. आत टिश्यू पेपर घाला, एक खाली एक वर. हॉस्टेलला फ्रिज असेल तर तिसऱ्या दिवसापासून फ्रिजमध्ये. गार मफिन घट्ट लागतो, खायच्या आधी जरा वेळ बाहेर काढून ठेवायला सांगा. जास्तीचे एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवले तर महिनाभर उत्तम राहतात.

पुढच्या वेळी मूठभर सुकेळी बारीक चिरून घालून बघा. मध आणि खजुराच्या मधली चव येते, आणि सुकलेली असल्याने पाण्याचा हिशोब बिघडत नाही.

---

केळीच्या_बागेतून | बुधवार, पहाटे ५.४०

ताई, लेकीला डब्याबरोबर चार ठिपके नसलेली केळीही द्या. नागपूरला पोचून दोन-तीन दिवसांत खायला तयार होतील. फक्त हॉस्टेलच्या फ्रिजमध्ये ठेवू नको म्हणावं.

---

सोनटक्का | शुक्रवार, दुपारी १.१५

दिली दादा, आणि तसं बजावूनही सांगितलं. डबा गाडीतच निम्मा झाला, समोरच्या बाकावरच्या एका आजींनी कृती लिहून घेतली म्हणे. लेकीने त्यांना पहिली ओळ ‘केळी, सोलून ३०० ग्रॅम’ अशी सांगितली.

वसईवाली, सुकेळी इकडे कुठे चांगली मिळतील? की मावशीकडेच मागू?

---

वसईवाली | शुक्रवार, दुपारी २.००

मावशीकडेच मागा. आणि पानात बांधलेलीच द्यायला सांगा, सोनेरी-तपकिरी, बोटाने दाबली की लवणारी. कडक झालेली नकोत.